गाव लहान, पेशंट ओळखीचा: डॉक्टरने फेसबुकवर लिहायचं तरी कसं?

बालडॉक्टर

नमस्कार मंडळी. मी बालरोगतज्ज्ञ. सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी लहानसं रुग्णालय चालवते. नवरा भूलतज्ज्ञ, त्यामुळे घरी जेवतानाही विषय तोच. काही वर्षांपासून फेसबुकवर मराठीत लिहिते आणि तेच व्हॉट्सॲप चॅनलवर टाकते. तापलेल्या पोराला गोधडीत गुंडाळू नका, जुलाबात अंगावरचं दूध तोडू नका, ओआरएसचं मोठं पाकीट पुरतं एक लिटर पाण्यात कालवा, थोडं पेल्यात नि थोडं उद्याला असं करू नका. असलं साधंच. ओपीडीत तेच तेच सांगून घसा बसायचा, म्हणून सुरू केलं. आता लोक "मॅडम, तुमचं वाचलं होतं" म्हणत येतात, तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता अडलंय ते सांगते.

गेल्या काजूच्या हंगामात एक नऊ वर्षांचा मुलगा आला. पाचोळ्यातून बी वेचताना बोटाला फुरसं, म्हणजे लहानसा विषारी साप, डसलेलं. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांत, गडग्यांत, पाचोळ्यात फुरशी भरपूर. हात कोपरापर्यंत सुजलेला, दंडावर परकराच्या नाड्याचा करकचून बांधलेला वळ, आणि हिरड्यांतून रक्त झिरपतंय. अशा वेळी एक जुनी, बिनखर्चाची तपासणी करतात. काचेच्या कोऱ्या, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर गोळा जागेवर राहतो. याचं रक्त काचेच्या कडेने सरसर खाली आलं. सिस्टरने माझ्या हातून ट्यूब घेतली नि आईकडे पाठ करून उभी राहिली.

प्रतिविषाच्या १० व्हायल दिल्या. सहा तासांनी परत ट्यूब, परत तेच, परत डोस. मग कधीतरी पहाटे गोळा धरला. मुलगा घरी गेला, शाळेत जातो, बोटाचं एक पेर जरा वाकडं राहिलंय.

मला हे लिहायचंय. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली कितीतरी घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर गेली असतील. मला सांगायचंय की नाडा बांधू नका. मला सांगायचंय की लहान मुलाला प्रतिविष मोठ्या माणसाइतकंच लागतं, कारण साप वय विचारून विष कमी टाकत नाही, उगीच "एवढ्याशा पोराला एवढी इंजेक्शनं?" म्हणून डॉक्टरशी हुज्जत घालू नका. आणि मला सांगायचंय की या पोराचे तीन तास झाडपाल्यात गेले.

अडचण अशी. नाव काढलं, गाव काढलं, फोटो तर मी टाकतच नाही. पण वाडीत घरं किती? मोजकी. त्या हंगामात फुरसं चावलेला पोरगा एकच. झाडपाला देणारा माणूसही त्या पंचक्रोशीत एकच. पोस्ट पडली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार कोण ते, आणि पहिला प्रश्न येणार तो आईबापांनाच: "तुम्ही उशीर कशाक केलात?" बाबांना विचारलं होतं. म्हणाले, "लिवा मॅडम, लोकांका कळाक व्हया." पण ते म्हणाले बिलाच्या काउंटरपाशी उभं राहून. त्या वेळी मी किडनी मागितली असती तरी हो म्हणाले असते. आईला विचारायचं राहिलंच होतं.

मैत्रीण म्हणते, मुलाची मुलगी कर, नऊचे सहा कर, फुरशाचं मण्यार कर. मण्यार केलं तर सगळं वैद्यकच उलटं होतं. मण्यार रात्री झोपेत चावते, सूज जवळजवळ नाही, पोटात दुखतं, पापण्या खाली येतात. मग मी लिहायचं काय?

आणखी दोन कटकटी, आता लिहितेच आहे तर. मागे माझी सर्पदंशावरची पोस्ट फिरत फिरत माझ्याकडेच परत आली. वर माझं नाव, डिग्री, सगळं शाबूत. खाली कुणीतरी ओळ जोडलेली: "नंतर कांद्याचा रस दर तासाला द्यावा." आणि दुसरं म्हणजे इनबॉक्स. रात्री साडेअकराला बाळाच्या शीचे फोटो. रंग बरोबर आहे का मॅडम? उत्तर द्यावं तर चटक लागते, न द्यावं तर "शिष्ट झाली" म्हणतात.

एका कंपनीचा माणूसही येऊन गेला, "रीलमध्ये बेबी फूडचा डबा मागे नुसता दिसू द्या." त्याला १९९२ च्या बालदुग्धपर्याय कायद्याची आठवण करून दिली, तो विषय संपला. बाकीचे दोन संपत नाहीत. इथे डॉक्टर, संशोधक, लिहिणारे बरेच आहेत. तुम्ही कसं करता?

---

टवाळ_कार्टं

मॅडम, शीच्या फोटोंचं वेगळं चॅनल काढा, तुफान चालेल.

बाकी धागा गंभीर आहे. खुर्ची पकडून बसलोय, जाणकार येतीलच.

---

निवृत्त_चाकू

सोलापुरात उभी हयात पोटं उघडण्यात नि शिवण्यात गेली. आता हात थरथरतो, म्हणून लिहितो. वयाने लेकीसारखी असशील, अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

आधी कायद्याचं, कारण यावर लोक ऐकीव बोलतात. आज आपल्याला लागू आहेत ते २००२ चे आचारसंहितेचे नियम. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवे काढले होते, त्यात समाजमाध्यमांवर स्वतंत्र भाग होता. पण जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून गदारोळ उठला आणि २३ ऑगस्टला सगळेच स्थगित झाले. तरी तो भाग काढून वाच. लाईक आणि फॉलोअर विकत घेऊ नका, बऱ्या झालेल्या पेशंटांची चित्रं मिरवू नका, ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका, जाहीर पोस्टखाली औषध लिहून देऊ नका. उद्या जे काही येईल ते याच वळणाचं असणार.

आता २००२ चं. कलम ७.११ म्हणतं की स्वतःची जाहिरात होईल असं रोगांवर नि उपचारांवर वर्तमानपत्रांत लिहू नये. पण सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, राहणीमान यावर स्वतःच्या नावाने लिहायला, बोलायला मोकळीक आहे. तुझी ओआरएसची पोस्ट त्यात चोख बसते. "माझ्याकडे आलेला मरणाच्या दारातला मुलगा मी वाचवला" ही बसत नाही, मग तुझा हेतू कितीही शुद्ध असो. (याच नियमांत लेटरहेडवर स्वतःचा फोटो छापणं म्हणजे जाहिरात असंही आहे. आणि हल्ली आमचे सहकारी ओटीत टोपी घालून गाण्यावर नाचतात. असो, माझा रक्तदाब.)

तुझ्या कामाचं कलम ७.१७. ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचा फोटो किंवा केस छापायची तर त्याची परवानगी लागते. ओळख पटणार नसेल तर लागत नाही. सगळी मेख इथे आहे. ओळख पटायची ती कुणाला? दादरच्या वाचकाला तर कुणीच ओळखू येत नाही. माझं मत विचारशील तर माप लावायचं ते शेजारणीचं. शेजारीण ओळखत असेल तर ओळख पटली, मग नाव असो वा नसो.

लोक नाव पुसतात नि निवांत होतात. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव, तारीख, हे आता पोरंही झाकतात. पण आमच्या ओळखीच्या एका ज्युनिअरने हर्नियाचा फोटो डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकला होता. चेहरा कापला, सगळं कापलं, कमरेचा काळा करदोडा नि त्यात अडकवलेला तांब्याचा ताईत तेवढा राहिला. ग्रुपवरून तो फोटो कुठल्या वाटेने गेला देव जाणे, पेशंटच्या मेहुण्याने ताईत ओळखला. आता बोल.

म्हणून माझं सरळ म्हणणं: मुलाची गोष्ट लिहू नकोस, फुरशाची लिही. फुरसं कुठे असतं, चावलं की काय होतं, ट्यूबमध्ये काय दिसतं, पोराला पुरा डोस का. तुला जे सांगायचंय त्यातलं नव्वद टक्के त्यात येतं. उरलेलं दहा टक्के म्हणजे आपल्याला वाटणारं थरारक, ते डायरीत लिही. आणि आता टाकू नकोस. पुढच्या काजूच्या तोंडावर टाक. तोवर वाडी दुसऱ्या कुणाच्या तरी मागे लागलेली असेल, आणि वाचणाऱ्यालाही त्याच वेळी उपयोग.

झाडपालेवाल्याला पोस्टमध्ये झोडपू नकोस. राग आलाय तो बरोबर आहे. पण पोस्टने तो सुधारणार नाही, उलट वाडी त्याच्या बाजूने उभी राहील. जाऊन बस त्याच्याकडे, चहा पी. "दादा, तुमच्याकडे आलेला माणूस दहा मिनिटांत माझ्याकडे धाडा, पाला नंतर लावा" एवढंच सांग. ऐकला तर तुझ्या शंभर पोस्टींचं काम झालं.

इनबॉक्सचं. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं बघ. इनबॉक्समध्ये कुणा एकाला उपचाराचं उत्तर दिलंस की तो सल्ला झाला. मग नोंद ठेवणं आलं, पेशंटचं वय-नाव विचारणं आलं, व्हॉट्सॲपवरही नोंदणी क्रमांक दाखवणं आलं. अर्धवट उत्तर देऊन फोन उशाखाली ठेवता येत नाही. एक ठरावीक मजकूर तयार ठेव: इथे तपासणी होत नाही, ओपीडीची वेळ ही, तातडीचं असेल तर इथे न लिहिता निघा. सगळ्यांना तोच. आमदाराच्या पुतण्यालाही तोच.

आणि शेवटचं नाही, मधलंच एक: हे काम फेसबुकवरच सडू देऊ नकोस. महाडच्या हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं प्राझोसिन या औषधाचं काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं ते १९८६ साली, रायगडातल्या खेड्यापाड्यांतल्या पेशंटांवरून. त्या काळी पोस्ट टाकणं म्हणजे खरोखर पोस्टात टाकणं. तुझ्याकडे दर हंगामाला फुरशी येतात. वही ठेव.

---

विषपरीक्षा

बंगळुरात पोस्टडॉक आहे, सापांची विषं हाच विषय. मूळची साताऱ्याची. चाकूकाकांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून.

वय-लिंग बदलण्याबद्दल: फेसबुकवर चालेलही कदाचित, पण तीच केस उद्या जर्नलला पाठवायची असेल तर हे मुळीच नको. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा साधा नियम आहे, ओळख लपवताना वैज्ञानिक अर्थ बिघडता कामा नये. नऊ वर्षांच्या वीस किलोच्या मुलाला सहा वर्षांची केलंत की पुढे कुणीतरी त्या आकड्यावर आकडा रचतो. आणि ओळख पटण्यासारखी असेल तर नुसती सही पुरत नाही, छापायचा मजकूर पेशंटला दाखवून मग संमती घ्यायची असते. ही दुसरी अट मला फेसबुकलाही लावावीशी वाटते. बाबांनी "लिवा" म्हटलं ते कशाला, हे त्यांनाच कुठे ठाऊक होतं? लिहा, मग घरी जाऊन वाचून दाखवा. आणि मुलालाही विचारा. आपल्याकडे संशोधनात सात वर्षांपुढच्या मुलाचा होकार वेगळा घेतात, नुसता आईबापांचा नाही. नऊ वर्षांच्या माणसाला मत असतं.

आमच्या संशोधकांच्या बाजूचं दुखणं वेगळं. तुमच्याकडे पेशंट ओळखू येतो, आमच्याकडे उंदीर ओळखू येत नाही. आमच्या कामाबद्दल एका ठिकाणी छापून आलं, "सर्पदंशावर रामबाण उपाय सापडला." काय सापडलं होतं? एका विषातल्या एका घटकाला एक प्रतिपिंड अडवतं, उंदरांत. तो शब्दच गायब. २०१९ साली ट्विटरवर एका वैज्ञानिकाने खातंच काढलं होतं, अशा बातम्या उचलायच्या नि वर एवढंच लिहायचं: "उंदरांत". मला ते इतकं पटलं की मी माझ्या ब्लॉगवर पहिल्या ओळीतच लिहून टाकते, हे माणसांत तपासलेलं नाही. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं तर बातमीदाराची कात्री तिथवर पोचतच नाही, तो पहिलाच उचलतो.

संशोधक वाचत असतील त्यांच्यासाठी एक रूक्ष सूचना: पेटंटचा अर्ज आत जाण्याआधी ब्लॉगवर, पोस्टमध्ये, कुठेही तपशील टाकू नका. जाहीर झालं की नवेपणा गेला. गाईडला विचारा, नंतर रडू नका.

कांद्याच्या रसाबद्दल: मजकूर टाकला की कुणीही शेपूट जोडतो. मी चित्र करून टाकते, चारही बाजूंनी चौकट, खाली तारीख. तरी जोडतात, पण मग ते जोडलेलं दिसतं.

---

औषधवाला_नाना

मी केमिस्ट, त्यामुळे मधे बोलतो. लिहून काय होतं असं कुणाला वाटत असेल तर ऐका.

ओआरएस मागायला आलेल्या माणसाला पूर्वी टेट्रापॅकच हवा असायचा. नावात ओआरएस, चव सफरचंदाची, साखर बेसुमार. डब्ल्यूएचओच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. ह्या पाकिटांत त्याच्या कितीतरी पट साखर. जुलाब झालेल्या पोराला तेवढी साखर म्हणजे जुलाब वाढायचे. आम्ही सांगायचो, लोक म्हणायचे, "तुम्हाला स्वस्तातलं विकायचंय होय?" जगातला पहिला दुकानदार असेन ज्याला स्वस्तातलं विकायचं होतं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हाच विषय वर्षानुवर्षं लावून धरला. व्हिडिओ, पोस्टी, पत्रं, शिवाय हायकोर्टात जनहित याचिका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने, आदेश काढला की ठरलेल्या सूत्राशिवाय कुठल्याही पेयाच्या नावात ओआरएस वापरायचं नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, व्हायचं ते झालं. पण माझ्या काउंटरवर फरक दिसला. आता बाया विचारतात, "नाना, खरं पाकीट दाखवा."

बालडॉक्टर, एक विनंती. तापाच्या औषधाचा डोस पोस्टमध्ये "एक चमचा" असा कधी लिहू नका. पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलीत १२० चंही येतं आणि २५० चंही. थेंबांत तर एका मिलीत १००. तुम्ही एक मनात धरून लिहाल, घरात बाटली दुसरीच असेल. आमच्याकडे अशी माणसं मोबाईल दाखवत येतात.

---

ठाणेकर_आई

मी डॉक्टर नाही. पलीकडच्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मुलीचं कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. मशीन पहिल्यांदा चालू करतात तो क्षण, तिने पहिल्यांदा आवाज ऐकला, दचकली, मग माझ्याकडे बघून रडायला लागली. ते रुग्णालयाने शूट केलं. पाठीमागे संगीत लावून रील केली. मला कळली ती तिच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरून. खाली हृदयं, नमस्काराचे हात, "देव माणूस डॉक्टर". कुणाचंही वाईट मनात नव्हतं, हेच तर अवघड आहे. भांडायला जावं तर कृतघ्न ठरतो.

परवानगी होती का? होती. ॲडमिट करताना ज्या पंधरा कागदांवर सह्या घेतात त्यातला एक. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सही करताना कोण वाचतं? रील काढा म्हटल्यावर त्यांनी काढली, तक्रार नाही. पण तोवर इतरांनी उतरवून आपापल्या पानांवर चढवली होती. आता ती मोठी झालीये. ऐकू येतं, बोलते, भांडते. नव्या शाळेत कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे तिला स्वतः ठरवायचं होतं. ते तिच्या हातून गेलं.

बालडॉक्टर, तुम्ही इथे विचारताय हेच मला फार वाटलं. फक्त एक करा. विचारायचं तर पेशंट घरी गेल्यावर विचारा. तुमच्या खाटेवर असेपर्यंत "नाही" म्हणायची ताकद आमच्यात नसते.

---

नर्सताई_मालवण

मॅडम, मी आरोग्य सेविका, उपकेंद्रात आहे. वरचं सगळं वाचलं, फार चांगली चर्चा. पण आमच्या वाडीत फेसबुक तरण्या पोरांपाशी, ती रील बघतात. चावतं कुणाला? बी वेचणाऱ्या बायांना नि म्हाताऱ्यांना. त्या वाचत नाहीत, ऐकतात. तुम्ही दीड मिनिटाचं बोलून पाठवा, मालवणीत. मी बचत गटाच्या सभेत फोन मोठा करून लावीन. आशाताईंनाही देते.

आवाजाला कांद्याचा रस जोडता येत नाही, हा पण फायदा.

---

बालडॉक्टर

सगळ्यांचे आभार. वेळ लागला, कारण मधे डेंग्यूने खाटा भरल्या होत्या.

ठाणेकर_आई, तुमचं वाचून त्याच रविवारी गेले. मजकूर लिहून नेला होता, पडवीत बसून वाचला. बाबा मान हलवत होते. आई मधेच म्हणाली, "मॅडम, तो झाडपालो देणारो माझो चुलतसासरो. तेचा काय येता नये." हे मला इतके दिवस माहीतच नव्हतं. पोस्ट टाकली असती तर त्या घरात काय झालं असतं याचा विचार करून घाम फुटला. मग ती म्हणाली, "पण नाडो मीच बांधलंय, ता लिवा. माझ्यासारखी दुसरी बांधतली." मी म्हटलं, लिहिते, पण तुम्ही बांधलात असं नाही लिहीत.

मुलालाही विचारलं, विषपरीक्षाताई. त्याची एकच अट: "मी रडूक नाय, ता घाला." रडला होता. चांगला भोकाड पसरून. ते वाक्य घालत नाहीये, वाडीने त्यावरूनच ओळखला असता.

चुलतसासऱ्यांकडे अजून गेले नाही. चाकूकाका, तुम्ही म्हणता तितकं सोपं नाही ते. चहा मिळेल, पण मला बोलायला शब्द सुचले पाहिजेत. नवरा येतो म्हणालाय बरोबर.

इनबॉक्सला ठरावीक उत्तर लावलं. पहिल्याच रात्री एका आजोबांनी उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही रोबोट का?" नाना, डोसवाल्या दोन जुन्या पोस्टी उडवल्या.

हे रेकॉर्ड करणार आहे. इथे प्रमाण मराठीत लिहिते, बोलताना मालवणी करेन:

"काजूच्या बुडात हात घालण्याआधी काठीने पाचोळा हलवा. पायात बूट घाला, चप्पल नको. फुरसं लहान असतं, वीतभर ते हातभर, चिऱ्याच्या रंगाचं, आणि अंग अंगावर घासून करकर आवाज काढतं. चावलं तर बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. हात फळीला सैल बांधून हलवू नका. नाडा, दोरी, रुमाल, काहीही करकचून बांधू नका. चिरू नका, चोखू नका. साप मारायला, शोधायला थांबू नका, तो बघितल्याशिवायही उपचार होतो. सरळ सरकारी दवाखान्यात. तिथे प्रतिविष फुकट मिळतं. सूज नसली तरी जा. हिरडीतून, लघवीतून रक्त यायची वाट बघू नका. आणि मूल असेल तर डॉक्टरला इंजेक्शनं कमी करा म्हणू नका, मुलालाही पुरतीच लागतात. ही कुणा एकाची गोष्ट नाही, दर हंगामाला आम्ही हेच बघतो."

कुणाला काही खटकत असेल तर सांगा, काजूला अजून अवकाश आहे.

---

निवृत्त_चाकू

"सैल बांधून हलवू नका" हे ऐकताना "सैल बांधू नका" असं कानावर पडेल. दोन वाक्यं कर. बाकी उत्तम. आणि करकर आवाजाचं राहू दे, ते मला नवीन होतं.

---

नर्सताई_मालवण

मॅडम, १०८ चा नंबर पहिल्याच वाक्यात घ्या, शेवटपर्यंत सगळ्या बसत नाहीत. आणि रेकॉर्ड करताना पंखा बंद करा. मागच्या वेळी गोवरच्या लसीचं पाठवलंत त्यात घरघरच जास्त होती.